वेल्चला चर्च ढीगभर आहेत, मग नवं कशाला?

वेल्च हे अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातलं कोळशाच्या खाणींचं गाव. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून आय-७७ हायवे पकडून उत्तरेला निघालं की दोनेक तासांत ईस्ट रिव्हर माउंटनचा बोगदा लागतो, व्हर्जिनियात शिरायचं आणि वेस्ट व्हर्जिनियात बाहेर पडायचं, आणि मग ब्लूफील्डला रूट ५२ ला लागलो की स्पीड विसरायचा. ओढ्याला चिकटून रस्ता, रस्त्याला चिकटून रेल्वे, उरलेल्या जागेत घरं. मी चंद्रपूरकडचा, कोळसा बघतच मोठा झालो, पण आपल्याकडे ओपनकास्टचे खड्डे आणि मातीचे डोंगर लांबूनच दिसतात, इथे खाण डोंगराच्या पोटात आडवी गेलेली त्यामुळे गाडीतून काही कळतच नाही. कळतं ते बंद दुकानांवरून.

मला नेलं होतं ऑफिसमधल्या एका मित्राने. तो पक्का बाप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ), त्याच्या चर्चचा ग्रुप उन्हाळ्यात इकडे घरांची छपरं दुरुस्त करायला येतो, आणि इथे नवी चर्च सुरू व्हायला हवीत असंही म्हणतो. मी ख्रिश्चन नाही, देवाधर्माचं फारसं काही करतही नाही, पण फिरायला मिळतंय आणि हातोडा चालवता येतो म्हणून गेलो.

ही मॅकडॉवेल काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, वेल्च तिचं मुख्य गाव. १९५० च्या जनगणनेत काउंटीत ९८,८८७ माणसं होती, २०२० ला १९,१११. म्हणजे पाचातली चार गेली!! वेल्चमध्ये १९४१ ला नगरपालिकेने बहुमजली पार्किंग बांधलं, देशातलं तसलं पहिलं म्हणतात, कारण शनिवारी बाजाराला गाडी लावायला जागा मिळायची नाही. आता भर रस्त्यात कुठेही लावा, कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. इथल्या पोकाहोंटास सीमचा (कोळशाच्या थराचा) कोळसा स्टीलसाठी एक नंबर, म्हणून यूएस स्टीलने शेजारी गॅरी नावाचं अख्खं गाव वसवलं आणि ८० च्या दशकात खाणी बंद करून निघून गेली. जवळच्या किम्बॉल गावातलं वॉलमार्ट २०१६ ला बंद झालं, त्यात नोकऱ्या तर गेल्याच, पण ताजी भाजी मिळायची मोठी जागाही गेली.

आता चर्चचं. पहिल्या दिवशी माझा प्रश्न हाच होता की इथे दर वळणावर एक चर्च दिसतंय, त्यातली निम्मी कुलूपबंद, आणि तुम्ही म्हणता नवी चर्च पाहिजेत? मित्र म्हणाला पास्टरलाच विचार. पास्टर म्हणजे वेल्चमधल्या एका जुन्या दुकानाच्या गाळ्यात नवीन चर्च चालवणारा पन्नाशीचा माणूस, आठवडाभर स्कूलबस चालवतो, कारण चर्चमधून पगार निघत नाही.

त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. पूर्वी कोल कॅम्पमध्ये, म्हणजे कंपनीने वसवलेल्या खाणकामगारांच्या वस्तीत, घर कंपनीचं, दुकान कंपनीचं आणि बऱ्याच ठिकाणी चर्चही कंपनीनेच बांधलेलं, गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं, इटली-हंगेरीहून आलेल्यांचं आणखी वेगळं. जिथे प्रीचरचा पगार कंपनीच्या खिशातून यायचा तिथे तो युनियनच्या बाजूने काय बोलणार? याच वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर १ ऑगस्ट १९२१ ला सिड हॅटफिल्ड आणि एड चेंबर्स या खाणकामगारांच्या बाजूच्या दोघांना कंपन्यांच्या भाडोत्री डिटेक्टिव्हांनी गोळ्या घातल्या. (मी त्या पायऱ्यांवर जाऊन आलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.) तर खाण गेली, कॅम्प ओस पडला, पण चर्चची इमारत राहिली आणि तिच्यात आता रविवारी आठ-दहा म्हातारी माणसं बसतात. मेथडिस्टांचा (हाही एक प्रोटेस्टंट पंथ) एकेक पास्टर तीन-चार चर्च सांभाळतो, इथलं उरकून गाडी काढून पुढच्या गावी. या चर्चांनी एकत्र यावं तर तेही होत नाही, कारण प्रत्येकाचे आजी-आजोबा त्याच अंगणात पुरलेत.

आणि खरा पेच गोळ्यांचा, म्हणजे पेनकिलरच्या. खाणीत पाठ मोडायची, डॉक्टर ओपिऑइड (अफूच्या जातीची पेनकिलर) लिहून द्यायचे, तिथून व्यसन, पुढे हेरॉइन. इथल्या पुरुषांचं सरासरी आयुष्य २०१३ च्या एका रिपोर्टमध्ये ६४ वर्षांच्या आसपास होतं, देशात सगळ्यात कमी. कितीतरी घरांत नातवंडं आजी सांभाळते. त्यातून बाहेर पडलेला, जेलमधून आलेला पोरगा जुन्या चर्चच्या बाकावर बसला तर मागच्या रांगेतल्या काकूंना त्याने कोणाचं काय चोरलं ते सगळं पाठ असतं. तो परत येत नाही. गाळ्यातल्या चर्चमध्ये तशी मागची रांगच नाही, जवळपास सगळेच व्यसनातून नाहीतर जेलमधून आलेत.

बुधवारी संध्याकाळी तिथे जेवण असतं. मक्याचा ब्रेड, बीन्स, कोणीतरी आणलेला केक, अगदी आपल्या भंडाऱ्यासारखं, कोणीही या, बसा, जेवा. मग अर्धा तास प्रार्थना, मग व्यसनमुक्तीची मीटिंग. प्रार्थनेतलं स्वर्गाबद्दलचं बोलणं मला काही पटलं नाही, नळाला धड पाणी येत नाही त्याबद्दलही दोन शब्द बोला की राव. पण एक बाई मला म्हणाल्या की आमची खाण गेली, युनियन हॉल गेला, शाळा लांब गेली, आता लोक भेटतात ते एक तर इथे नाही तर अंत्ययात्रेला. यावर मी काय बोलणार.

आमच्यासारख्या ग्रुपबद्दलही पास्टर स्पष्टच बोलला. दर उन्हाळ्यात व्हॅन येतात, रंग लावतात, फोटो काढतात, शनिवारी परत. छपराबद्दल थँक्यू, पण इथे नोव्हेंबरात राहणारा माणूस पाहिजे. त्याच्या मते नवीन चर्च म्हणजे इमारत नकोच, त्या भरपूर पडल्यात, इथेच घर घेऊन राहील अशी दोन-तीन कुटुंबं हवीत. मला हे शंभर टक्के पटलं, आणि शार्लटमधल्या मोठ्या चर्चांना ते परवडणार नाही असंही वाटलं, कारण छपरासाठी डोनेशन मिळतं, कोणी इथे वीस वर्षं राहावं म्हणून कोण देणार.

जायचं असेल तर मॅप आधीच डाउनलोड करा, ५२ वर खोऱ्यात नेटवर्क जातं. पेट्रोल ब्लूफील्डलाच भरा. विकेंडला राहायचं बुकिंग आधी करा, हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल या डोंगरातल्या वाटांवर एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकी गाड्या) चालवणारे लोक खोल्या भरून टाकतात. आणि शक्यतो बुधवार धरून जा.