भोसरीच्या बाकावर हॅरियरचं पातं

दिवाळीला ब्रिस्टलहून घरी येताना बाबांना काय आणायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. चॉकलेट ते खात नाहीत आणि जाड स्वेटर घालायला पुण्यात तेवढी थंडी नसते. यंदा मात्र तिकडे जुन्या विमानांच्या सुट्या भागांच्या एका बाजारात हॅरियरच्या, म्हणजे धावपट्टीशिवाय उभं उतरू शकणाऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, पेगॅसस इंजिनाचं एक पातं मिळालं, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधलं. तेच रुमालात गुंडाळून आणलं.

बाबांनी ते घरी पाहिलंच नाही. "वर्कशॉपला चल," म्हणाले. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये, दिव्याखाली, आधी चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. मग तळहातावर तोललं. "टायटॅनियम. बघ, केवढं हलकं आहे!" बुडावर कोरलेला पार्ट नंबर त्यांनी भिंग लावून दोनदा वाचला.

ते इंजिन ब्रिस्टलचंच, आणि मी राहते तिथून विमान-कारखान्यांचं फिल्टन जवळ आहे. त्यामुळे हे विमान मला शेजाऱ्यासारखं वाटतं. त्याला चार फिरती नोझल, म्हणजे झोत बाहेर सोडणारी तोंडं, असतात: पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून तापलेला वायू. थ्रॉटलशेजारचा एक दांडा ओढला की चारही एकदम खाली वळतात आणि तो झोत विमानाला तोलून धरतो. विमान हवेत जागच्या जागी थांबलं की पंखांवरून वारा वाहत नाही, म्हणून तोल सांभाळायला नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांना इंजिनातलीच दाबाची हवा सोडतात. उभं उतरताना इंजिनात पाणी फवारून जास्तीचा जोर मिळवतात. ते पाणी जेमतेम दीड मिनिट पुरतं.

"आणि इंजिन काढायचं कसं?" बाबांचा पहिला प्रश्न.

"आधी अख्खा पंख उचलून बाजूला ठेवायचा, मग इंजिन वरून काढायचं."

ते बराच वेळ गप्प बसले. मेंटेनन्सवाल्यांचे हाल त्यांना लगेच दिसले असणार.

आपल्या नौदलाकडे सी हॅरियर 1983 साली आली. आधी 'विक्रांत'वर आणि मग 'विराट'वर त्यांनी काम केलं, आणि 2016 मध्ये त्यांना निरोप दिला. ब्रिटननं आपली हॅरियर 2010 च्या शेवटी थांबवली. पुढच्याच वर्षी त्यांतली 72 विमानं अमेरिकेच्या मरीन्सनी घेतली, ती मुख्यतः सुट्या भागांसाठी. मला हे फार लागतं. विमानाचा सांगाडा धडधाकट असतो, पायलट तयार असतात, पण एक झडप मिळत नाही म्हणून ते हँगरमध्ये उभं राहतं. आणि ती झडप बनवणारा कारखाना परक्या देशात असेल, तर तो बंद व्हायची वेळ आपल्या हातात नसते.

बाबांना हे सांगावं लागलं नाही. बंद पडलेल्या जर्मन मशीनचे गिअर तुटक्या नमुन्यावरून बनवून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. "आकार निघेल गं," पात्याच्या पिळावरून अंगठा फिरवत ते म्हणाले. "पण मटेरियल कुठलं, फोर्जिंग कसं केलं, हीट ट्रीटमेंट कुठली दिली, हे मोजून कळत नाही. ते ज्याचं त्यालाच ठाऊक."

मग त्यांनी नमुन्यांचा खण उघडला. तिथल्या प्रत्येक तुकड्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली असते. पात्यालाही बांधली. मार्करनं लिहिलं: 'हॅरियर. ड्रॉइंग नाही.'