बाराव्या घरावर क्लिक, अकरावं गायब

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. सकाळी ९ वाजता कॉलेजच्या सभागृहात मी प्रोजेक्टर जोडून बसले होते. १०.३० ला प्रश्नमंजूषा सुरू होणार होती. मी संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे, आणि या स्लाइडसाठी पंधरा दिवस रात्री जागले होते. २५ रंगीत घरं. घरावर क्लिक केलं की ते नाहीसं व्हायचं आणि त्या क्रमांकाचा प्रश्न उघडायचा. खाली चार संघांचे गुण: गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी. सगळा कारभार पॉवरपॉइंटच्या मॅक्रोंवर, म्हणजे क्लिक केलं की चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. फाइल मुद्दाम पेनड्राइव्हवर आणली होती, कारण ईमेलवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो आता आपोआप अडवले जातात.

मराठी विभागाच्या मॅडम आल्या. "अगं, छानच झालंय. पण कॉलेजचं बोधचिन्ह कुठेच नाही. मागे फिकट टाकता येईल?"

दोन मिनिटांचं काम. चित्र टाकलं, 'सेंड टू बॅक' केलं. तालीम म्हणून मॅडमनी पहिल्या घरावर क्लिक केलं. घर जागच्या जागी आणि मागचं बोधचिन्ह गुल! बारावं दाबलं, तर अकरावं गेलं.

माझ्या पोटात गोळा आला. मग डोक्यात प्रकाश पडला. स्लाइडवर वस्तू एकावर एक थरांनी असतात आणि मॅक्रोला त्यांचा क्रमांक कळतो तो या थरांवरून. सगळ्यात खालची ती एक नंबर. मी २५ छोटे मॅक्रो लिहिले होते आणि प्रत्येकात 'शेप्स' म्हणजे स्लाइडवरच्या वस्तू, या शब्दापुढे कंसात नुसता आकडा. बोधचिन्ह तळाशी जाऊन एक नंबरचं झालं आणि सगळी रांग एकेक घर पुढे सरकली.

"राहू दे मग, काढून टाक ते," मॅडम म्हणाल्या. तेवढ्याने भागलं असतं. पण दोष बोधचिन्हाचा नव्हता. ऐन वेळी कुणी एखादी चौकट खालीवर केली असती, तर भरल्या सभागृहात हेच झालं असतं. मी म्हटलं, "मॅडम, मला पाऊण तास द्या."

ऑल्ट-एफ११ दाबून कोड उघडला आणि ते २५ मॅक्रो पुसले. त्यांच्या जागी एकच लिहिला, ज्याला क्लिक झालेली वस्तूच हातात मिळते. कुठलं घर, हे शोधायलाच नको. जे दाबलं तेच लपवायचं. प्रत्येक घराला नाव दिलं आणि नावाच्या शेवटी दोन अंकी क्रमांक ठेवला. प्रश्नाची स्लाइड त्यावरून ठरते. नावं देणं आणि घराला मॅक्रो जोडणं, दोन्ही एका लूपमध्ये, म्हणजे तेच काम घरामागून घर आपोआप करणाऱ्या कोडमध्ये उरकलं.

गुणांच्या चौकटींना मात्र ऑल्ट-एफ१० ने उघडणाऱ्या वस्तूंच्या यादीत जाऊन हाताने नावं दिली. हौसेने 'गोदावरी' लिहिलं. यादीत ते नीट दिसलं, पण कोडमध्ये तेच नाव टाकलं तर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. कोडच्या त्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. नावं रोमन लिपीत केली. पण त्या दिवशी पडद्यावर इंग्रजी आकडे दिसू द्यायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. म्हणून मूळ गुण चौकटीच्या टॅगमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या न दिसणाऱ्या नोंदीत ठेवायचे आणि दाखवताना एकेक अंक बदलून घ्यायचा: २४०६ मध्ये तो अंक मिळवून 'सीएचआरडब्ल्यू'ला, म्हणजे क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या आज्ञेला दिला की देवनागरी अंक मिळतो. २४०६ म्हणजे आपलं शून्य.

१०.२० ला बोधचिन्ह पुन्हा तळाशी टाकलं. मॅडमनी स्वतः बारावं घर दाबलं. बारावंच गेलं. त्यांनी काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला.

मंजूषा सव्वा तास चालली. भीमा संघ शेवटच्या प्रश्नावर जिंकला. पंचविसावं घर गेलं, तेव्हा पडद्यावर चार चौकटी आणि मधोमध पूर्ण बोधचिन्ह तेवढं उरलं होतं. मुलं टाळ्या वाजवत होती. मॅक्रोने लपवलेली वस्तू सादरीकरण संपलं तरी लपलेलीच राहते, म्हणून सगळे पांगल्यावर मी 'पूर्ववत'चा मॅक्रो चालवला. २५ घरं परत आपापल्या जागी आली. मग फाइल सेव्ह केली.