बंद वाड्याला आधी ताडपत्री, मग वाटणी

पुण्यात फ्लॅट, गावी कुलूपबंद वाडा आणि उताऱ्यावर अकरा वारस. पुरंदर-शिरूरकडच्या कित्येक घरांची हीच गत. विकायचा, राखायचा की पाडायचा, यावर दरवर्षी जत्रेला खल होतो आणि पुढच्या जत्रेपर्यंत छताचा एक खण (दोन तुळयांमधला भाग) खाली आलेला असतो.

पडझड वरून सुरू होते. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांत छत धाब्याचं: तुळया, त्यांवर किलचण (आडव्या लाकडी पट्ट्या), वर पांढरी माती. नांदत्या घरात मृगाआधी गवत उपटून माती चोपून घेत. घर बंद पडलं की गवत माजतं, पन्हाळी बुजतात, पाणी वर तुंबतं आणि मुरतं नेमकं तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे. मधून तुळई ठणठणीत दिसते. भिंतीलगत स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर त्या खणाखाली थांबू नका, आधी टेकू लावा.

गळतंय म्हणून वर आणखी माती टाकणं ही नेहमीची चूक. नऊ इंच ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला 400 किलोच्या घरात जातं. उलट जादा थर उतरवा, तोही दोन्ही बाजूंनी सारखा. एका कडेला ढीग लावला तर तीच तुळई मोडते. मग 200-250 जीएसएमची (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाची) ताडपत्री ढाळ देऊन टाका. जोडाला फूटभर चढ, कडा बांबूला गुंडाळून दोरीने बांधलेल्या, भिंतीबाहेर दीड फूट लोंबत्या. खिळे नकोत, प्रत्येक खिळा म्हणजे नवी गळती. खिडक्याही बंद करून टाकू नका. कोंडलेल्या ओलीत वाळवी फोफावते.

मावळ-मुळशीत कौलं असतात. तिथे माकडांनी सरकवलेली कौलं बसवली आणि कुजलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलल्या तरी बरंच भागतं.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर अजिबात नको. जमिनीतून चढलेली ओल आतच अडते, भिंत भुसभुशीत होते आणि गिलावा सुटताना दोन इंच माती घेऊन येतो. तिथे माती, भुसा आणि शेणाचाच गिलावा. दगड-विटांच्या दरजांना चुना: 1 भाग मुरवलेला चुना, 1 भाग सुरखी (विटांची पूड), 2 भाग वाळू. काम झाल्यावर आठवडाभर ओलं पोतं.

आता कागद. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावर कोणाची नावं चढलीत ते आधी बघा. बहिणींची नावं बहुधा राहिलेली असतात. कोणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं, नोटरी करून भागत नाही.

एवढ्यात जुन्या सागवानाचा व्यापारी दारात येतोच. त्याला खांब आणि दाराची चौकट तेवढी हवी असते. सुटं लाकूड देऊ नका. खांब काढले की तुळयाही निघतात आणि दोन भिंतींना जोडून धरणारं काही उरत नाही, आणि रस्त्याकडची भिंत पडली तर निस्तरायचं वारसांनीच. द्यायचंच ठरलं तर सगळं एकदम द्या, आणि भिंती जोत्यापर्यंत उतरवून देण्याचं काम त्याच सौद्यात लिहून घ्या.