गावकी बसते, ग्रामसभा तहकूब होते

दिवाळी सरली की आमच्या वाडीत पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बांध घालतात. घरटी एक माणूस यायचंच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं सुतळीने शिवायची, एकीचा सांधा दुसरीखाली दडेल अशा रचायच्या आणि फटींत चिखल थापायचा. पाणी तुंबून वर आलं की पाटाने पोफळीच्या बागांत शिरतं. कुणाची पाळी कधी, हे गावकी, म्हणजे गावकऱ्यांची परंपरेने चालत आलेली बैठक, ठरवते. वर ना सरकारी शिक्का ना कागद, तरी पाळी कुणी मोडत नाही. स्वशासन म्हणजे काय, ते मी या पऱ्यावर पाहिलं.

पण गावकीत बायका बसत नाहीत. पहाटे फावडं घेऊन पाणी वळवायला मी जाते, पाळी मात्र भाऊजी ठरवून येतात. मानकऱ्यांचा शब्द आधी, वाडीच्या टोकाच्या घरांचा शेवटी, कधी नाहीच. म्हणून मला ग्रामसभा हवी. 73वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली, तेव्हापासून तिला घटनेतच जागा आहे. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई तिची सभासद. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. आमच्याकडे त्या सभेच्या नावाने सह्यांची वही घरोघर फिरायची. गेल्या वर्षी आम्ही वही परत पाठवली. आधी बसू, विषय वाचा, मग सह्या.

गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांत कमी असेल तेवढी माणसं लागतात. अर्धं गाव मुंबईला, उरलेलं बागेत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग मूठभर माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर! मला याचा फार संताप येतो. आधीच 2021 ते 2026 या काळात 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेल्या अबंधित पैशांचं काय करायचं, एवढं तरी गावाने बसून ठरवावं ना?

2 ऑक्टोबरच्या सभेत पाटाच्या पाळ्यांचा विषय घ्या, असा अर्ज आम्ही महिलासभेतून दिलाय. टोकाच्या घरांना दिवसाउजेडी पाणी मिळावं, एवढीच मागणी. भाऊजींना ते रुचलेलं नाही. सभेला येऊन विरोध करणार म्हणालेत. त्यांनी यावंच, आणि येताना वाडीतल्या चार जणांना घेऊन यावं.