शाळेसाठी आम्ल विकत घेताना: माझा अनुभव

ठाण्यात कळव्याच्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा पाठ तोंडावर आला तेव्हा प्रयोगशाळेतली हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली संपलेली होती. मुख्याध्यापकांची मंजुरी लगेच मिळाली. घोडे अडले ते विक्रेत्याकडे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नियमाबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचे नाव, पत्ता आणि विकलेले प्रमाण नोंदवहीत लिहायचे असते, पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र पाहून खरेदीचे कारण विचारायचे असते, आणि अठरा वर्षांखालील कोणालाही आम्ल द्यायचे नसते. आम्लहल्ल्यांमुळे आलेली ही बंधने हवीतच. पण सगळ्या अटी पहिल्याच भेटीत सांगायला काय हरकत होती? आधी ‘शाळेचे पत्र आणा, मॅडम’. पत्र नेले तर ‘यात किती हवे ते नाही’. तेही लिहून नेले तर ‘कशासाठी ते लिहा’. मग ‘ओळखपत्राची झेरॉक्स कुठे आहे’. आणि सगळे कागद जुळल्यावर ‘शेठ बाहेरगावी आहेत’. दर वेळी शाळा सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या गर्दीतून वाट काढत जायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, तेवढ्यात वर्गाचे वेळापत्रक पुढे सरकत होते.

म्हणून पत्रात आम्लाचे नाव, तीव्रता, प्रमाण, प्रयोगाचे कारण आणि ते सांभाळणाऱ्या शिक्षकाचे नाव पहिल्यांदाच लिहावे. शाळेनेही वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायची असते.

मधल्या काळात मुलांनी हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकून तो लाल होताना पाहिला. मात्र उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा परिणाम घालवून क्षार व पाणी बनतात ती क्रिया, मोजून दाखवायचे तर तीव्रता ठाऊक असलेलीच द्रावणे लागतात.

अखेर मिळालेली अर्ध्या लिटरची बाटली वर्षानुवर्षे पुरेल, कारण सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे जेमतेम ८.३ मिलिलिटर आम्ल पाण्यात मिसळून द्रावण एक लिटर केले की ते ०.१ मोलर (मोलर हे तीव्रतेचे एकक) इतके सौम्य होते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाने (आम्लारीत गुलाबी होणाऱ्या रसायनाने) गुलाबी झालेल्या सोडिअम हायड्रॉक्साइड या आम्लारीच्या द्रावणात मुलांनी ड्रॉपरने आम्ल सोडले. रंग फिका होत होत एका थेंबासरशी नाहीसा झाला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली. तितकेच आम्ल दर्शकाविना पुन्हा मिसळून बशीत आटवल्यावर तळाशी मिठाचा पांढरा थर उरला, आणि तो पाहून माझा सगळा शीण गेला.

एक सांगायचे राहिले: सोडिअम हायड्रॉक्साइडची लहानच बाटली घ्यावी. तितक्याच, ०.१ मोलर तीव्रतेच्या एका लिटरला ४ ग्रॅम पुरते, आणि उघड्यावर राहिलेल्या गोळ्या हवेतली आर्द्रता शोषून बघता बघता ओल्या होतात, त्यामुळे वजन झटपट करावे.