काजळ, भुऱ्या, वाघ्या आणि मुक्ताईची वाट

सारंगखेड्याहून मुक्ताईनगरला जायचं तर वाट बहुतेक तापीच्या सोबतीनंच जाते. शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा. डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे कुठंतरी खाली नदी, आणि सकाळचं ऊन सरळ तोंडावर. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताबाई-चांगदेवाची यात्रा भरते. खानदेशातून, विदर्भातून, मध्य प्रदेशातून दिंड्या येतात. आमच्या घरचे लोक पायीच जात आले. मी काजळ घोडीला घेऊन निघालो. सोबत ओझ्याला भुऱ्या तट्टू, आणि कुणी न बोलावता वेशीपासून मागं लागलेला वाघ्या कुत्रा.

काजळ सारंगखेड्याच्याच बाजारातली. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तिथं घोड्यांचा मोठा बाजार लागतो. रेवाल म्हणजे झपझप पण धक्का न देणाऱ्या चालीच्या, नाचणाऱ्या घोड्यांभोवती गर्दी जमते. मी मात्र खूर आणि स्वभाव बघून घोडी घेतली. लांबच्या वाटेला तेच कामी येतं.

घोड्यावरची वारी म्हणजे आरामाची, असं लोकांना वाटतं. मी निम्मी वाट पायीच चाललो. तासभर बसायचं, मग उतरून लगाम हातात धरायचा आणि तिच्या पाठीला मोकळं सोडायचं. दिवसाचं वेळापत्रक जनावराच्या पोटावर ठरतं. घोड्याला ओकता येत नाही. नको ते पोटात गेलं किंवा घाईनं खाल्लं तर पोटशूळ उठतो आणि जनावर जिवाला मुकू शकतं. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करायचा, घोडीला हळूहळू फिरवायचं, थोडंथोडं पाणी पाजायचं, मग कडबा टाकायचा. हरभऱ्याचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, अंग पूर्ण थंड झाल्यावरच. मग खरारा करून अंग घासणं, आणि खुरात अडकलेले खडे काढणं. हे सगळं उरकेपर्यंत माझ्या भाकरीची आठवण मलाही राहत नसे.

घोड्याला दिवसाला पंचवीस-चाळीस लिटर पाणी लागतं. त्यामुळे प्रत्येक गावात माझी पहिली मागणी पाण्याची. शिरपूरच्या पुढं एका शेतावर बाईंनी विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" मी म्हणालो, "मुक्ताईले." त्यांनी लगेच मोटर चालू करायला पोराला धाडलं. "आधी घोडीले पानी पाजा, मंग तुम्ही बठा." काजळच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, भुऱ्याच्याही लावलं, आणि वाघ्यापुढं कळण्याची भाकरी ठेवली. मला वांग्याचं भरीत मिळालं ते सगळ्यात शेवटी, आणि मला तोच क्रम योग्य वाटला.

अनेर नदी ओलांडल्यावर वाघ्या लंगडायला लागला. खडीच्या रस्त्यानं त्याच्या पायाच्या गाद्या सोलल्या होत्या. पाय धुतले, खोबरेल लावून फडकं गुंडाळलं आणि भुऱ्याच्या पाठीवरल्या दोन गाठोड्यांच्या मधे त्याला बसवलं. भुऱ्या एरवी जास्तीचं ओझं टाकलं की कान मागं पाडतो. या वेळी कान जागच्या जागी राहिले. चोपड्यापासून केळीच्या बागा सुरू झाल्या, केळीचे ट्रक अंगाला खेटून जायला लागले, तेव्हा तर हे तट्टू पुढं आणि काजळ त्याच्या मागं, अशी आमची दिंडी झाली. हॉर्नला बिचकणारी घोडी भुऱ्याच्या शेपटीकडं बघत शांत चालायची.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांना भेटायला आले, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांनी आधी धाडलेलं कोरं पत्र बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. पुढं त्याच लहानग्या मुक्ताईला त्यांनी गुरू केलं. जनावरावर बसून त्या देवळापाशी आलेल्या माणसाला ही कथा वेगळी भिडते. वाघ ताब्यात ठेवणं ही मोठी सिद्धी असेल. पण काजळ माझ्या हाकेला वळते ती भीतीनं नाही, आणि तिच्यासाठी चाबूक मी कधी घेतलाच नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखीत माउलींचा अश्व पाठ मोकळी ठेवून पुढं चालतो, त्यावर माउली बसलेली आहे असं मानतात. संगमापासून मीही काजळवर बसलो नाही.

कोथळीच्या मुक्ताईच्या जुन्या मंदिरात एकादशीची रांग लांब होती. जनावरं आत नेता येत नाहीत. विदर्भातल्या एका दिंडीतल्या आजीबाईंनी लगाम हातात घेतला आणि म्हणाल्या, "जाय बाबा, मी धरतो इले." मी समाधीवर डोकं टेकलं, चौघांच्या वतीनं. बाहेर आलो तर आजी काजळच्या मानेवर हात ठेवून हरिपाठ म्हणत होत्या.

यात्रा उलगली, दिंड्या टेम्पोत बसून परतल्या. आम्हाला आलो तसंच जायचं होतं. नालबंदाकडून काजळचे पुढचे नाल बदलून घेतले, थोडा विसावा घेतला. वाघ्याच्या पायाला खपली धरली होती, तरी मी त्याला चालू दिलं नाही. सावद्याच्या पुढं बऱ्याच लांबपर्यंत तो भुऱ्याच्या पाठीवरूनच आला.