ग्लासगोला चुकलेली गाडी

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाचे फोटो फेसबुकवर टाकून झालेत, त्यामुळे बेटाचं एका ओळीत उरकते: पाऊस, मेंढ्या, पुन्हा पाऊस, आणि मधूनच असं ऊन की जागचं हलू नये. मला लिहायचंय ते बेटावर पोचायच्या आधीचं, रेल्वेच्या तिकिटाचं. वाचून कंटाळा आला तर दोष माझ्या नणंदेचा. या विषयाची गोडी मला त्यांनीच लावली.

ताई बँकेतून निवृत्त झाल्यात. मोबाइलमधल्या कागदाला त्या कागद मानत नाहीत. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये लँकेस्टरला असतो. आम्ही दोघी त्याच्याकडे उतरलो होतो आणि तिथून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅलेगला, म्हणजे स्कायची बोट सुटते तिथे, निघणार होतो. लँकेस्टरहून ग्लासगो सेंट्रलपर्यंत एक गाडी, मग ग्लासगोतच क्वीन स्ट्रीट नावाच्या दुसऱ्या स्टेशनवर चालत जायचं, आणि तिथून मॅलेगची गाडी. कंपन्याही वेगवेगळ्या. "मामी, दादरला पश्चिमेकडून मध्यला जातेस ना, तसंच. फक्त इथे पुलाऐवजी रस्ता आहे," असं भाचा म्हणाला. दादरच्या पुलावरून बॅगा ओढत तो शेवटचा कधी गेला होता कोण जाणे.

तिथे 'ॲडव्हान्स' नावाचं तिकीट सगळ्यात स्वस्त पडतं. साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतं, जसजसं खपेल तसतसं महागतं, आणि त्यावर जी गाडी छापलीय तीच. दहा मिनिटं आधीची नाही, दहा मिनिटं नंतरची नाही. आपण गेलो नाही तर पैसे गेले. जेवताना हे ऐकून ताईंनी आमटीचा डाव खाली ठेवला.

"आणि पहिली गाडीच लेट झाली तर?"

"मग पुढची जी मिळेल तिने जायचं. पूर्ण प्रवासाचं तिकीट आहे, आई."

"कुठे लिहिलंय?"

त्याने लॅपटॉप आणला. लिहिलेलं होतं. प्रवास सुरू झाल्यावर गाड्यांच्या उशिरामुळे पुढची गाडी हुकली, तर त्याच तिकिटावर त्यानंतरच्या गाडीने जाऊ देतात. अट एकच, दोन गाड्यांमध्ये त्या स्टेशनासाठी ठरवलेला किमान वेळ सोडलेला हवा. छोट्या स्टेशनांवर तो बहुतेक पाच मिनिटांचा असतो, मोठ्यांवर जास्त. आणि ही दया फक्त रेल्वेच्या उशिरासाठी. घरून निघायला वेळ झाला, विमान उशिरा उतरलं, टॅक्सीवाला चुकला, तर हात वर. ताईंनी हे सगळं छापून मागितलं, शिवाय दोन्ही गाड्यांच्या वेळा असलेलं प्रवासाचं पान वेगळं. तो हसला, पण छापून दिलं.

या देशाच्या भाड्याचं गणित मात्र मला शेवटपर्यंत उमगलं नाही. ए पासून सी पर्यंतचं एक तिकीट महाग, आणि ए ते बी, बी ते सी अशी दोन तिकिटं काढली तर कधीकधी स्वस्त. गाडी तीच, खुर्ची तीच, मध्ये उठायचंही नाही. गाडी बी-ला थांबली पाहिजे, बस्स. लोक संध्याकाळच्या संध्याकाळ हे तुकडे जुळवत बसतात आणि त्याला बचत म्हणतात. आमचा भाचाही त्यातलाच. पण या खेपेला ताईंनी ऐकलं नाही. "एक प्रवास, एक तिकीट."

निघालो त्या दिवशी ऑक्सनहोम सुटल्यावर गाडी टीबेजवळ थांबली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला एम-सिक्स महामार्ग, त्यावरून ट्रक आम्हाला मागे टाकत चाललेले. पुढे कुठेतरी सिग्नल बिघडला होता. दर दहा मिनिटांनी एक माणूस माइकवरून इतक्या मनापासून माफी मागे, की आम्हालाच वाईट वाटायला लागलं. डब्यात कोणी आवाज चढवला नाही. मला ही शांतता सोसवत नाही. आपल्याकडे गाडी अशी थांबली की पंधरा मिनिटांत कोण कुठला, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं कळतं. इथे समोरच्या बाईंनी तासभर एकच शब्दकोडं सोडवलं.

मॅलेगला जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच. आमची दुपारी बाराच्या सुमाराची होती, आणि त्यानंतरची थेट संध्याकाळी सहाला. कार्लाइल येईपर्यंत गणित स्पष्ट झालं होतं. गार्ड तिकिटं बघत आला तेव्हा ताईंनी फाइल उघडली. त्याने कागद वाचला, खरंच वाचला, आणि म्हणाला की क्वीन स्ट्रीटला हाच दाखवा, पुढच्या गाडीत बसा, वेगळं काही भरायचं नाही. ताईंना ते पटलं नाही. त्यांना शिक्का हवा होता. शिक्का त्याच्याकडे नव्हता.

ग्लासगोत उतरलो तेव्हा आमची गाडी गेलेली. दोन्ही स्टेशनांमधलं चालणं खरंच दहाच मिनिटांचं आहे, बॅगांमुळे आमचं वीस झालं. वाटेत ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा लागतो आणि त्याच्या डोक्यावर रस्त्याच्या कामाचा केशरी शंकू असतो. कित्येक वर्षं लोक तो चढवतात, महापालिका काढते, लोक पुन्हा चढवतात. ताई म्हणाल्या, "आपल्याकडे असं केलं असतं तर दंगल झाली असती." एवढं बोलून त्या पुढे निघाल्या, कारण डोक्यात तिकीट.

क्वीन स्ट्रीटच्या फाटकापाशी एक तरुण मुलगी होती. मी तयारीनेच गेले होते: आवाज थोडा वर, वाक्यं पाठ, गरज पडली तर ताईंचं वय पुढे करायचं. तिने कागद बघितला, यंत्रात आमची पहिली गाडी बघितली, आणि म्हणाली, "तुम्ही सहाच्या गाडीने जा. तिचे डबे वाटेत सुटे होतात, अर्धे ओबानला जातात, म्हणून मॅलेगच्या डब्यात बसा. राखीव खुर्ची मिळणार नाही, जरा लवकर या." संपलं! माझं एवढं पाठांतर वाया गेलं. भांडायची पूर्ण तयारी असावी आणि समोरच्याने भांडूच नये, हा फार विचित्र अनुभव आहे. मी दोन मिनिटं तिथेच उभी होते.

पुढचे सहा तास आम्ही जॉर्ज स्क्वेअर आणि स्टेशनचा बाक यांच्यात घालवले. दशम्या आणि लसणाची चटणी होती म्हणून निभावलं. शेजारी बसलेल्या माणसाने चटणीच्या वासाने दोनदा मान वळवली. ताईंचा कागद तेवढ्यात तीनदा वाचून झाला. त्यांना शेवटचं कलम सगळ्यात आवडलं: त्या दिवशी पोचणंच अशक्य झालं, तर रेल्वे कंपन्यांनी जमेल तिथे दुसरं वाहन द्यायचं, नाहीतर रात्रीच्या मुक्कामाची सोय करायची. "हॉटेल देतात अगं!" हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की सहाचीही रद्द व्हावी, अशी त्यांची इच्छा असावी.

आपल्याकडेही 1 एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर जोडता येतात. दोन्हींवर प्रवासी तेच हवेत. पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे कपात न करता परत मिळतात. चांगला नियम आहे, आणि माझ्या ओळखीत तो कुणालाच माहीत नव्हता. पण पैसे हातात घेऊन अनोळखी जंक्शनवर उभं राहायचं आणि पुढे कसं जायचं ते आपलं आपण बघायचं, यात माझ्या वयाच्या बाईला काय दिलासा? मला पैसे नको असतात, मला पोचायचं असतं.

सहाची गाडी निघाली. जून होता, त्यामुळे रात्री नऊलाही लख्ख उजेड. रॅनॉक मूर नावाचं दलदलीचं पठार लागतं. तिथे जमीन रूळ धरेना म्हणून झाडांची मुळं, काटक्या, माती आणि राख यांच्या थरावर ते तरंगते ठेवून 1894 मध्ये हा मार्ग सुरू केला. आजही गाडी त्यावरून जाते, हे कळल्यावर ताई खिडकीपासून जरा सरकून बसल्या. पुढे कॉरोर, 408 मीटरवरचं स्टेशन, जिथे सार्वजनिक रस्ता जातच नाही. दोन पोरं पाठीवर ओझी घेऊन उतरली आणि काहीच नसलेल्या दिशेने चालायला लागली. ग्लेनफिननचा तो हॅरी पॉटरच्या सिनेमातला एकवीस कमानींचा पूल आला तेव्हा अंधारत होतं. दुपारच्या गाडीला म्हणे फोटोसाठी एकमेकांच्या अंगावर पडतात. आमच्या डब्यात जागे असलेले आम्ही चौघं.

मॅलेगला पोचायला मध्यरात्र होत आली. घरमालकीणबाई जाग्या होत्या. त्यांनी विचारलं काहीच नाही, फक्त किटली लावली.

लँकेस्टरला परतल्यावर भाच्याने भरपाईचा अर्ज भरला. उशीर मोजतात तो तिकिटावरच्या शेवटच्या स्टेशनाला, त्यामुळे वाटेतला तासाभराचा उशीर आमच्या हिशेबात सहा तासांचा झाला आणि तिकिटाचे पूर्ण पैसे आले. ताईंनी खात्यात रक्कम दिसल्याशिवाय विश्वास ठेवला नाही.

येतानाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आम्ही ग्लासगो सेंट्रलला वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. फलाटावर लँकेस्टरला थांबणारी आधीची गाडी उभी, खिडक्यांतून रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. मी दारातल्या माणसाला विचारलं. तो गोड हसला आणि नाही म्हणाला. तुमची गाडी पुढची. बदलायचं तर भाड्यातला फरक आणि वर बदलाचं शुल्क. इतके दिवस मी ज्या तिकिटाचे गोडवे गात होते, ते हेच. ताईंनी फाइल काढली, सगळी कलमं बोट ठेवून वाचली आणि मिटली. "यात आपल्या बाजूचं काही नाही." रिकामी गाडी आमच्या देखत सुटली. मग आम्ही तासभर बसलो आणि साडेतीन पौंडांचा, कुणी पाहुण्यालाही देऊ नये असा चहा प्यायलो.